विषाणूची दोन जनुकं आणि उस्मानाबादच्या एक लाख एकतीस हजार स्त्रिया

"ई६ हे प्रथिन पी५३ ला संपवतं आणि ई७ हे प्रथिन आरबीला अडकवतं." नेट-पेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत हे वाक्य असतंच. चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायला तेवढं पुरतं. पण पीएचडीच्या मुलाखतीत समोरून प्रश्न आला, "ठीक आहे, हे कळल्यामुळे पुढे काय झालं?" तर आपल्यातले बहुतेक जण लसीचं नाव घेऊन थांबतात. लस हे अर्धंच उत्तर आहे. खरं तर तिचा ई६-ई७ शी थेट संबंधही नाही, त्याचं कारण पुढे येईलच. उरलेलं अर्धं उत्तर धाराशिव जिल्ह्यात आहे. तेव्हा त्याचं नाव उस्मानाबाद होतं. माझं गाव सास्तूर, याच जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं. आणि तरीही हे उत्तर मला एमएस्सी होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज तुम्हाला सांगते.

आधी विषाणूकडे जाऊ.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे काहीतरी संसर्गासारखं असावं हा संशय फार जुना आहे. गर्भाशयमुख म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पिशवीचं तोंड. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. गर्भाशयाच्या कॅन्सरने विवाहित स्त्रिया जास्त मरत होत्या आणि मठातल्या जोगिणी जवळजवळ नाहीच, असं त्याला दिसलं. विषाणू हा शब्दही तेव्हा आजच्या अर्थाने नव्हता. पुढे १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीची गाठ वाटून, पेशी गाळून काढून, उरलेला रस दुसऱ्या कोंबडीला टोचला, आणि तिलाही गाठ झाली. राऊस यांना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. तुमचा पेपर सहा महिने अडकला तर हे आठवा.

विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी संशयित म्हणून नाव होतं हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार २ या विषाणूचं. या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं जास्त सापडत, म्हणून. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळा प्रश्न विचारला: विषाणू जर कारण असेल, तर त्याचा डीएनए गाठीच्या पेशीत असायला हवा. तो आहे का? हर्पिसचा डीएनए त्यांना सापडला नाही. मग त्यांनी चामखीळ करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंकडे मोर्चा वळवला. तेव्हा अनेकांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या गाठींतून ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ नंबरचा प्रकार वेगळा केला आणि पुढच्या वर्षी १८ नंबरचा. हे दोन प्रकार मिळून जगातल्या या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के रुग्णांना जबाबदार आहेत. त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळालं २००८ मध्ये.

इथे पद्धतीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. प्रतिपिंडं सापडणं म्हणजे "या बाईला कधीतरी हा संसर्ग झाला होता" एवढंच. गाठीच्या पेशीतच विषाणूचा डीएनए सापडणं म्हणजे "हा आत्ता इथे आहे." सहसंबंध आणि कारण यांतला फरक आपण संख्याशास्त्राच्या पेपरात लिहितो, तो इथे प्रयोगशाळेत उभा केलेला दिसतो.

आता मूळ प्रश्न. विषाणू पेशीत आहे, हे ठरलं. पण तो तिथे करतो काय?

१९८५ मध्ये हायडेलबर्गच्याच गटाने दाखवलं की गाठींतल्या पेशींत विषाणूचा सगळा डीएनए टिकलेला नसतो. बऱ्याचदा तो पेशीच्या गुणसूत्रात घुसलेला, तुटलेला असतो. पण एक तुकडा कायम टिकतो आणि त्याचं वाचनही चालू असतं: ई६ आणि ई७ ही जनुकं. हीला पेशी तुम्हाला माहीत आहेतच. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या त्या पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे, आणि त्यात ई६-ई७ चालू आहेत. सगळं सामान हरवलं तरी दोनच गोष्टी हातातून सुटत नसतील, तर त्या दोन गोष्टींतच काहीतरी आहे हे उघड आहे.

काय आहे ते कळायला विषाणूच्या अडचणीतून बघावं लागतं. पाठ्यपुस्तकात हे उलट्या क्रमाने येतं, म्हणून ते नुसतं पाठ होतं. एचपीव्ही हा फार लहान विषाणू, त्याचा डीएनए जेमतेम आठ हजार बेस जोड्यांचा. स्वतःचा डीएनए पॉलिमरेज त्याच्याकडे नाही. आपल्या प्रती काढायला त्याला पेशीची यंत्रणा लागते, आणि ती यंत्रणा पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच चालू असते. पण तो राहतो कुठे? आवरणाच्या थरांत. या थरांत सर्वात खालच्या पेशी विभागतात. वर सरकणाऱ्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं, त्या पिकून गळून पडणार असतात. विषाणूला प्रती काढायच्या असतात त्या याच वरच्या पेशींत. म्हणजे दुकान बंद झाल्यावर त्याला माल हवाय. मग तो काय करतो, तर कुलूप उघडतो.

ते कुलूप म्हणजे आरबी प्रथिन. आरबी हे ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं. ई२एफ मोकळे झाले की ते पेशीच्या डीएनएवर जाऊन बसतात आणि जनुकांचा एक सबंध संच वाचायला लावतात: सायक्लिन ई, सायक्लिन ए, डीएनएच्या प्रती काढणारी एन्झाइम्स, त्यांना लागणारा कच्चा माल बनवणारी एन्झाइम्स. ई७ आरबीला चिकटतं, त्याला ई२एफपासून सोडवतं आणि त्याचा नाशही घडवून आणतं. लक्षात घ्या, ई७ ने पेशीच्या एकाही जनुकाचं अक्षर बदललेलं नाही. पेशीचा डीएनए तोच. फक्त कोणतं जनुक कधी वाचायचं हा निर्णय पेशीच्या हातातून गेला. जनुकीय अभिव्यक्तीतला बदल म्हणतात तो हा, आणि उत्परिवर्तनापेक्षा तो वेगळा का, हा मुलाखतीतला आवडता प्रश्न आहे.

पण पेशी एवढी भोळी नाही. वेळी-अवेळी ई२एफ मोकळे झाले की तिला गडबड कळते आणि पी५३ ची पातळी वाढते. पी५३ विभाजन थांबवणारी जनुकं चालू करतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पेशीला आत्महत्या करायला लावतं. म्हणून विषाणूला दुसरं हत्यार लागतं. ई६ स्वतः पी५३ ला कापत नाही. ते पेशीचंच एक एन्झाइम हाताशी धरतं. त्याचं नावच ई६-एपी, म्हणजे ई६ शी जोडलेलं प्रथिन. त्याच्याकडून पी५३ वर युबिक्विटिनची खूणचिठ्ठी लावली जाते, आणि चिठ्ठी लागलेलं प्रथिन पेशी मोडीत काढते. पेशीची साफसफाईची व्यवस्था पेशीच्याच पहारेकऱ्याविरुद्ध वापरली जाते. शिवाय ई६ टेलोमरेज या एन्झाइमचं जनुक चालू करायला लावतं, त्यामुळे विभाजनांची नैसर्गिक मर्यादाही उठते.

ई७-आरबीचं नातं १९८९ मध्ये दिसलं आणि ई६-पी५३ चं १९९० मध्ये. दोन्ही कामांत पीटर हाउली यांचा गट होता. पण खरी गंमत आधीची आहे. माकडाचा एसव्ही४० हा विषाणू उंदीर-हॅमस्टरमध्ये गाठी करतो. त्याच्या प्रथिनाला चिकटलेलं म्हणूनच १९७९ मध्ये पी५३ पहिल्यांदा सापडलं होतं. १९८८ मध्ये अॅडिनोव्हायरसचं ई१ए हे प्रथिन आरबीला धरताना दिसलं. म्हणजे तीन घराण्यांतले तीन विषाणू, एकमेकांशी नातं नाही, आणि तिघेही त्याच दोन दारांवर जाऊन उभे! कॅन्सरमध्ये पी५३ आणि आरबी इतके महत्त्वाचे का, हे आपल्याला बऱ्याच अंशी विषाणूंनीच दाखवून दिलं. आणखी एक: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जनुक बहुधा शाबूत असतं, तर इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं असतं. कारण इथे जनुक बिघडवायची गरजच नाही, प्रथिन तयार झाल्या झाल्या मोडीत जातंय.

मग संसर्ग झालेल्या प्रत्येक स्त्रीला कॅन्सर का होत नाही? कारण विषाणूला कॅन्सर नकोच असतो. त्याच्याकडे ई२ नावाचं एक प्रथिन आहे, ते ई६-ई७ च्या वाचनावर लगाम ठेवतं. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीर आपोआप घालवतं. पण काही स्त्रियांत संसर्ग वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्यात कधीतरी विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसतो. घुसताना वर्तुळाकार डीएनए कुठेतरी तुटावा लागतो. तो ई२ च्या जागी तुटला की लगाम गेला. ई६-ई७ मोकाट, पेशी विभागत राहते, चुका साठत जातात, आणि दहा-वीस वर्षांनी गाठ. त्या गाठीत नवे विषाणू तयारही होत नाहीत. विषाणूच्या दृष्टीने हा रस्ता बंदच आहे.

हे सगळं अंदाजपंचे आहे का, असं कुणी विचारलं तर २००० सालचा एक प्रयोग सांगा. हीला पेशींत ई२ परत घातलं. ई६-ई७ बंद पडले, पी५३ आणि आरबी पुन्हा कामाला लागले, आणि पन्नास वर्षं न थांबलेल्या त्या पेशी विभागायच्या थांबल्या, म्हाताऱ्या झाल्या. पी५३ त्यांच्यात इतकी वर्षं होतंच, फक्त त्याला जगू दिलं जात नव्हतं.

इथून आता बार्शीला यायचंय.

बार्शी तशी सोलापूर जिल्ह्यात, पण परंडा-भूमच्या लोकांचा बाजार आणि दवाखाना दोन्ही तिथेच. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने, १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी कॅन्सर नोंदणी सुरू केली. भारतातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. शहरात नोंदणी म्हणजे दवाखान्यांचे कागद गोळा करणं. खेड्यात बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नसेल तर कागद कुठून येणार? म्हणून इथले कर्मचारी गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणं समजावून सांगत. अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, या गोष्टी बाई घरात सांगत नाही. आपल्याकडे आजही सांगत नाही. त्या नोंदींतून कळलं की इथल्या स्त्रियांत सर्वात जास्त दिसणारा कॅन्सर गर्भाशयमुखाचा आहे. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हेही छापलं की नुसतं बोलण्याने, जागरूकता वाढल्याने, स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कुठलंही यंत्र नाही, कुठलंही औषध नाही. हा निकाल लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागेल.

त्या पायावर १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघणं, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अॅसेटिक आम्ल लावून पांढरा डाग पडतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघणं (याला व्हीआयए म्हणतात, आम्ल म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच). चौथा गट नियंत्रण गट. त्याला तपासणी नाही, तेव्हा गावात जी काही नेहमीची आरोग्यसेवा मिळत होती तेवढीच.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. लोहारा-उमरगा भागातली किती तरी कुटुंबं नव्याने वसवलेल्या गावांत नुकती कुठे स्थिरावत होती. अशा जिल्ह्यात एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी २७,१९२ स्त्रिया तपासणीला आल्या, म्हणजे जवळपास ८० टक्के. ज्या आजाराचं नाव घ्यायलाही लाज वाटते, त्याच्यासाठी. पेपरात हा एक आकडा आहे. तो आकडा उभा करायला दारोदार किती चपला झिजल्या असतील, ते पेपरात नाही.

तीन चाचण्यांत फरक काय होता, तो आता ई६-ई७ च्या चष्म्यातून बघा. व्हीआयए बघतं रंग. पॅप स्मिअर बघतं पेशीचा आकार, केंद्रक फुगलंय का, गडद झालंय का. म्हणजे दोन्ही चाचण्या परिणाम बघतात, आणि परिणाम दिसायला वेळ लागतो. शिवाय तो दिसणं बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. एचपीव्ही चाचणी कारण बघते. या अभ्यासात हायब्रिड कॅप्चर २ ही चाचणी वापरली होती. विषाणूच्या डीएनएला जुळणारे आरएनएचे तुकडे सोडायचे, जोडी जमली तर त्या जोडीला प्रतिपिंडाने पकडायचं, आणि निघणारा प्रकाश मोजायचा. धोक्याचे १३ प्रकार एकदम शोधले जातात. ई२ चा लगाम तुटायच्या आधी, पेशी वाकडी दिसू लागायच्या आधी, विषाणू तिथे ठाण मांडून असतो. चाचणी त्या काळात बोट ठेवते.

निकाल आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पहिले लेखक रंगस्वामी शंकरनारायणन, सोबत नेने, सुरेंद्र शास्त्री, कस्तुरी जयंत, केतायून दिनशा आणि बाकीचे. तक्ता वाचताना घाई करू नका, कारण पहिली ओळ फसवते. एचपीव्ही गटात कॅन्सर सापडले १२७, नियंत्रण गटात ११८. अरे, मग तपासणी करून जास्तच? थांबा, पुढचा रकाना बघा. १२७ पैकी दुसऱ्या टप्प्यातले किंवा त्यापुढचे ३९. ११८ पैकी ८२. तपासणीने लपलेले कॅन्सर लवकर बाहेर काढले, म्हणून एकूण आकडा फुगला. पण पसरलेले कॅन्सर निम्म्याहून कमी झाले. मृत्यू: एचपीव्ही गटात ३४, नियंत्रण गटात ६४. धोक्याचं गुणोत्तर ०.५२. पॅप स्मिअर आणि व्हीआयए यांच्या गटांत मात्र पुढच्या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये किंवा मृत्यूंमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम अशी घट दिसली नाही.

मला स्वतःला या पेपरातला सर्वात बोलका आकडा वेगळाच वाटतो. ज्यांची चाचणी निगेटिव्ह आली, त्यांचं पुढे काय झालं? पॅप आणि व्हीआयए निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांत पुढे कॅन्सर होण्याचा वयानुसार प्रमाणित दर एक लाखाला अनुक्रमे १५.५ आणि १६.० होता. एचपीव्ही निगेटिव्ह स्त्रियांत तो ३.७. "तुम्हाला काही नाही, जा घरी" हे वाक्य कोणत्या चाचणीच्या भरवशावर बाईला सांगायचं, ते हा आकडा सांगतो. ज्या बाईला सालातून एकदाही दवाखाना दिसत नाही, तिच्यासाठी हे वाक्य खरं असणं सर्वात महत्त्वाचं.

पण पेपर वाचणाऱ्याने इथेच टाळ्या वाजवून उठू नये. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात याच शंकरनारायणन यांच्या चमूने व्हीआयएचा अभ्यास केला होता, तिथे एकाच फेरीत मृत्यू ३५ टक्के कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांत शास्त्रींच्या गटाने दर दोन वर्षांनी व्हीआयए केलं, तिथे ३१ टक्के. मग उस्मानाबादेत का नाही? व्हीआयए हे हाताच्या कौशल्याचं काम आहे. कोण बघतंय, किती वेळा बघतंय, पॉझिटिव्ह आल्यावर उपचार किती जणींना मिळाले, यावर सगळं हलतं. "व्हीआयए निकामी आहे" असा निष्कर्ष एका अभ्यासावरून काढणं चूक. "आयुष्यात एकदाच तपासणी होणार असेल तर एचपीव्ही चाचणीवर जास्त विसंबता येतं" एवढं म्हणा, ते टिकतं. आणि दुसरी बाजूही बघा: २७,१९२ पैकी २,८१२ स्त्रिया, म्हणजे १०.३ टक्के, एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्या. त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर होणार नव्हता. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला नीट सांगणारं माणूस नसेल, तर ही चाचणी घरात भीती आणि संशय पेरून जाते. मराठवाड्यात कॅन्सरची भीती घालून तिशी-पस्तिशीतल्या बायकांची पिशवी काढली जाते, हे तुम्हाला माहीत आहे. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती.

आता तो चौथा गट.

३१,४८८ स्त्रिया, तपासणी नाही, ६४ मृत्यू. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी यावर वर्षानुवर्षं तक्रार लावून धरली. त्यांचं म्हणणं असं: तपासणीने जीव वाचतो हे पॅप स्मिअरमुळे कित्येक दशकं माहीत होतं, मग काही स्त्रियांना तपासणी न देता त्यांचे मृत्यू मोजणं कसं चालतं? उस्मानाबाद, दिंडीगुल आणि मुंबई या तिन्ही अभ्यासांच्या नियंत्रण गटांत मिळून किमान २५४ मृत्यू त्यांनी मांडले. अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर होतं की या भागांत तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे नियंत्रण गटाकडून काही काढून घेतलेलं नाही. आणि श्रीमंत देशांतला पॅप स्मिअर इथे चालेल की नाही, हे तुलनेशिवाय कळणार नव्हतं.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. पॅप स्मिअर इथे एका फेरीत चालला नाही, हे याच अभ्यासाने दाखवलं. नियंत्रण गट नसता तर आपण बहुधा आजही पॅप स्मिअरच्या नावाने प्रयोगशाळा उघडत बसलो असतो. पण "सोय नव्हतीच" हा युक्तिवाद मला पटत नाही. बार्शीच्या नोंदणीनेच १९९५ मध्ये दाखवून दिलं होतं की नुसत्या बोलण्यानेही फरक पडतो. म्हणजे काही न करणं आणि फार काही न करणं यांच्या मधली जागा त्या लोकांना माहीत होती. नियंत्रण गटाला नेमकं किती सांगितलं, संमती घेताना बाईला "तुमच्या गावाला तपासणी नाही, शेजारच्या गावाला आहे" हे कळलं होतं का, हे प्रश्न त्या ६४ जणींच्या बाजूने विचारायलाच हवेत. तुमच्या संशोधन आराखड्यात नैतिकता समितीचं पान असतं, सगळे ते मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी आराखड्यातून उचलतात. ते भरताना हे दोन रकाने शेजारी ठेवा: ३४ आणि ६४.

लसीचं थोडक्यात. एचपीव्हीची लस ही विषाणूच्या बाहेरच्या कवचाच्या, एल१ नावाच्या प्रथिनापासून बनते. रिकामी कवचं, आत डीएनए नाही, ई६-ई७ नाहीत. म्हणून ती संसर्ग थांबवते, पण आधीच गुणसूत्रात घुसलेल्या विषाणूला ती काही करू शकत नाही. २००९ मध्ये मुलींना तीन डोस द्यायचे की दोन पुरतात, हे बघायला भारतात अनेक केंद्रांवर अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक केंद्र. एप्रिल २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारने अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींचे डोस अर्धवट राहिले, जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये निकाल आला: प्रकार १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास, दोन किंवा तीन डोसांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे जे पुरावे होते त्यांत हा अर्धवट राहिलेला भारतीय अभ्यास आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस जाहीर झाली.

लस आज दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी. तिच्या आईसाठी, मावशीसाठी तपासणीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली, आणि त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबाद आहेच. आणि आपल्याकडे? २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीपुढच्या स्त्रियांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी जी तपासणी सांगितली आहे, ती व्हीआयए. म्हणजे ज्या जिल्ह्याने एचपीव्ही चाचणीचा पुरावा जगाला दिला, तिथल्या केंद्रासाठी लिहिलेली पद्धत त्या तक्त्यातल्या तिसऱ्या गटाची आहे. कारणं समजण्यासारखी आहेत: चाचणीचा खर्च, प्रयोगशाळा, नमुने पोचवणं, पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुन्हा शोधून आणणं.

तुम्ही विषय शोधत असाल तर इथे कामं पडलेली आहेत, आणि त्यासाठी हायडेलबर्गला जावं लागत नाही. बाईने घरी स्वतः घेतलेला नमुना उन्हाळ्यात तालुक्यापर्यंत नेताना किती टिकतो? त्या १०.३ टक्क्यांतून खरा धोका असलेल्या कोणत्या, हे स्वस्तात कसं ओळखायचं? विषाणू आहे की नाही एवढंच डीएनए सांगतो. ई६-ई७ मोकाट सुटलेत का, हे त्यांचा आरएनए मोजून किंवा पेशीत पी१६ हे प्रथिन साठलंय का ते बघून कळतं. आरबी निकामी झालं की पी१६ वाढत जातं, म्हणजे ते ई७ च्या पावलाचा ठसाच. या चाचण्या आज आहेत, पण महाग आहेत आणि शहरात आहेत. पुढच्या पोस्टमध्ये पी१६ चं रंजन प्रत्यक्ष कसं करतात, आणि त्यात कोणते नियंत्रण नमुने घ्यायचे, ते लिहिते.